दोन पायांत दोन बूट

लोणीकाकांचं खरं नाव डेपोच्या रजिस्टरात होतं आणि तिथेच राहिलं. बाकी जगाला ते लोणीकाका. हे नाव त्यांना पडलं ते त्यांच्या ब्रेकमुळे. बस भरलेली असो, रिकामी असो, उताराला लागलेली असो, काकांनी ब्रेक लावला की उभ्या माणसाच्या कपातला चहा हलत नसे, असं जुने कंडक्टर सांगत. आता चहाचा कप घेऊन बसमध्ये कोण उभा राहतो, ते सोडा. सांगणाऱ्याला सांगू द्यावं, ऐकणाऱ्याने मान डोलवावी. एकतीस वर्षं काकांनी सात नंबरची गाडी चालवली आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या ब्रेकने कुणाचा तोल गेला नाही, हे मात्र अगदी परवापरवापर्यंत खरं होतं. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते.

त्या वर्षीच्या तपासणीत कंपनीच्या डॉक्टरांनी काकांना काट्यावर उभं केलं, पोटाला टेप लावली, बोटातलं रक्त घेतलं आणि आलेला कागद दोनदा वाचला. साखर वाढली होती. आलेल्या पाहुण्यासारखी चार दिवस राहून जाणारी नव्हे, चांगली पथारी पसरून बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं की तीन महिने देतो, सहा किलो उतरवा, साखर खाली आणा, नाहीतर ड्रायव्हरचा बिल्ला पुढे चालू ठेवायची शिफारस मला करता येणार नाही. कंपनीने एका जिमशी ठरवून ठेवलं होतं, कर्मचाऱ्यांना अर्धी फी. मग पेनाला टोपण लावता लावता त्यांनी विचारलं, "पायाला मुंग्याबिंग्या येतात का?"

"नाही," काका म्हणाले.

हे काही खोटं नव्हतं. मुंग्या यायच्या, त्याला दोन वर्षं होऊन गेली. आधी बोटांत, मग तळव्यात, मग घोट्यापर्यंत. रात्रभर पाय चादरीवर घासत काका पडून राहायचे. नंतर एकेक करून मुंग्या निघून गेल्या आणि काकांना बरंच वाटलं. त्यांच्या जागी जे आलं त्याबद्दल डॉक्टरांनी काही विचारलं नाही. घोट्याखाली पाय होते, दिसत होते, सांगितलं की चालत होते. फक्त तिकडून निरोप येणं बंद झालं होतं. चप्पल पायातून निसटली तर ती फरशीवर वाजली की कळायची. अंघोळीचं पाणी कडकडीत आहे हे हाताला कळायचं, पायाला नाही.

आणि गाडी? गाडी काका कानाने चालवत होते. ब्रेक दाबला की हवेचा एक सुस्कारा निघतो. तो किती लांब निघाला त्यावरून किती दाबला ते कळतं. क्लच गुडघ्याला कळतो आणि गुडघ्यापर्यंत काकांचं सगळं शाबूत होतं. इंजिनाचा सूर चढला की अॅक्सिलरेटरवर पाय आहे. माणूस एकतीस वर्षं एकाच खुर्चीत बसला की असं पुष्कळ काही जमवून घेतो. काकांनीही घेतलं होतं आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर हल्ली त्यांना कशाचंच फारसं वाटत नसे.

तीन आठवड्यांपूर्वी मात्र बाजाराच्या थांब्यावर एक गोष्ट घडली. काकांनी ब्रेक दाबला, सुस्कारा ऐकू आला, आणि त्याच वेळी गाडी पुढे उसळली. एका बाईच्या पिशवीतले कांदे गडगडत पार काकांच्या खुर्चीपर्यंत आले. एका म्हाताऱ्याचा चष्मा पडला. काकांनी खाली वाकून पाहिलं तेव्हा त्यांचा उजवा पाय अर्धा ब्रेकवर होता आणि अर्धा अॅक्सिलरेटरवर. समोरच्या रिक्षापासून गाडी हातभर अंतरावर थांबली होती. कंडक्टर कांदे गोळा करत पुढे आला आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की काय काका, लोणी नासलं की काय आज? गाडीभर हशा झाला. काकाही हसले. त्या संध्याकाळी घरी बसून त्यांना वाटलं की आपण आता घाबरायला हवं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग जेवले आणि झोपले.

जिममध्ये पहिल्याच दिवशी तिथल्या शिकवणाऱ्या मुलीने काकांच्या पायांकडे पाहून हात जोडले. चपला घालून ट्रेडमिलवर चढता येणार नाही, रनिंग शूज घेऊन या, असं तिने सांगितलं. म्हणून शनिवारी दुपारी चारला काका आणि काकू बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या बुटांच्या दुकानात गेले.

काकूंबद्दल थोडं सांगायला हवं. त्या एका मोठ्या वाचनालयात पुस्तकबांधणीचं काम करत. फाटकी पुस्तकं उसवायची, शिवायची, पुठ्ठे चढवायचे. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू हातात आली की त्या आधी तिची शिवण बघत. माणूस बोलका, हात त्याहून बोलका. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी एक बूट उचलला, तळव्याच्या कडेत अंगठ्याचं नख घातलं आणि जाहीर केलं की हे नुसतं चिकटवलेलं आहे, दोन उन्हाळ्यांत जबडा उघडेल.

दुकान अरुंद होतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी, मध्ये एक सरकती शिडी, जमिनीलगत तिरका लावलेला आरसा आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकाने पळून बघावं म्हणून ठेवलेली एक जुनी ट्रेडमिल. तिथे बूट दाखवणाऱ्या बाईंना सगळे मापबाई म्हणत. आधी त्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवायच्या. गुडघा गेला तेव्हा मैदान सुटलं आणि त्या या दुकानात आल्या. गुडघ्याला पट्टा, कानावर पेन्सिल, गळ्यात मोजपट्टी.

काकूंनी आल्या आल्या सांगून टाकलं की आम्हाला स्वस्तातले दाखवा, जिम काही जन्मभराची नाही, तीन महिन्यांचा प्रश्न आहे.

मापबाई म्हणाल्या की स्वस्त दाखवीन, टाकाऊ दाखवणार नाही. त्यांनी शिडी न चढता हाताशी येतील असे तीन जोड काढले. पहिला पांढरा, ढगावर चालल्यासारखा जाड, साडेसहा हजारांचा. काकूंनी किंमत वाचली आणि बूट तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांनी परत ठेवला. "एवढ्या पैशांत मीच यांना पाठुंगळी घेऊन पळते," त्या म्हणाल्या. दुसरा निळा, चोवीसशेचा. तो मागच्या वर्षीचा होता. मापबाईंनी समजावलं की कंपनी दर वर्षी रंग बदलते आणि जुन्या रंगाची किंमत पडते, आतला माल तोच असतो, म्हणून शहाण्या माणसाने नेहमी मागच्या वर्षीचा रंग मागावा. तिसरा काळा, अकराशेचा, तळ कडक. त्याच्याबद्दल त्या एवढंच म्हणाल्या की वजनं उचलायला चालेल, पळायला कसा आहे ते पायालाच विचारू.

मग त्यांनी बूट कसा बघायचा ते दाखवलं. टाच दोन बोटांत धरून दाबायची, दबली नाही पाहिजे. बूट वाकवायचा, तो बोटांच्या जागी वाकला पाहिजे, मध्यावर नाही. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे. काकूंनी सगळं स्वतः करून पाहिलं आणि बांधणीकाम करणाऱ्या माणसाच्या नजरेने निळ्याला मान दिला, पण हात मात्र काळ्याच्या किमतीवर ठेवला. काका स्टुलावर बसून होते. दोघींत काय चाललंय ते त्यांना ऐकू येत होतं. छतावर एक पंखा फिरत होता, त्याचं एक पातं थोडं वाकडं होतं.

मापबाईंची एक पद्धत होती. जोडच्या जोड पायात घातला की माणूस नेहमी बरा आहे म्हणतो. भिडस्त असेल तर लवकर म्हणतो, कंजूस असेल तर त्याहून लवकर. म्हणून त्या एका पायात एक बूट घालत आणि दुसऱ्या पायात दुसरा. मग पाय आपोआप बोलतो. दहा पावलांत माणूस सांगतो की हा मऊ, हा टोचतो, हा रुंद. काकांच्या डाव्या पायात त्यांनी निळा घातला, उजव्या पायात काळा, नाड्या बांधल्या आणि ट्रेडमिलवर चढवून सावकाश सुरू केली.

काका दोन मिनिटं चालले, मग थोडं पळाले. पट्ट्यावर काळा बूट फट फट वाजत होता, निळा जवळजवळ वाजत नव्हता. एक पाऊल ऐकू यायचं, एक नाही. काकांनी हँडल घट्ट धरलं आणि पुढच्या भिंतीवरच्या जाहिरातीकडे बघत राहिले.

"कुठला बरा वाटतो?"

"निळ्याचा आवाज कमी आहे."

मापबाई हसल्या. आवाजाचं नाही विचारत, पाय काय म्हणतोय ते सांगा, म्हणाल्या. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंचं बोट अजून काळ्याच्या खोक्यावर होतं.

"दोन्ही सारखेच," काका म्हणाले. "काळे घेऊ. काळे बरे आहेत."

मापबाईंनी मशीन बंद केली, काकांना स्टुलावर बसवलं आणि पट्ट्याचा गुडघा सांभाळत खाली बसून काळा बूट काढायला गेल्या. तो निघेना. नाडी सगळी सैल केली तरी निघेना. टाच धरून जोर लावला तेव्हा तो सुटला आणि त्यांनी सवयीने नाडीखालच्या जिभेच्या आत नंबर बघितला. खोक्यावर नऊ लिहिलं होतं. बुटावर आठ. कुणीतरी गिऱ्हाइकाने बघून चुकीच्या खोक्यात ठेवला असणार आणि त्यांनी न तपासता घातला, हे त्यांच्या हातून पहिल्यांदाच झालं होतं. त्यांनी बूट उलटा केला. आतून कागदाचा एक बोळा पडला. नव्या बुटाच्या टोकात कोंबलेला असतो तो. दाबून दाबून त्याचा पापडासारखा चपटा तुकडा झाला होता आणि त्यावर पाच बोटांचे खळगे उमटले होते.

काकांच्या मोज्याच्या टोकाला लाल ठिपका होता. मापबाईंनी मोजा काढला. अंगठ्याचं नख एका कडेने उचललं गेलं होतं.

"काका, हे टोचलं नाही?"

"थोडंसं वाटलं," काका म्हणाले आणि त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

तेहेतीस वर्षांच्या संसारात काकूंना काही गोष्टी पाठ झाल्या होत्या. हा माणूस खरं बोलताना समोर बघतो आणि थाप मारताना वर बघतो. त्यांनी खोक्यावरचं बोट काढलं.

मापबाई थोडा वेळ तो बोळा हातात धरून होत्या. मग त्यांनी काकांना डोळे मिटायला सांगितले. शाळेतल्या मुलींना सांगत असतील तसं, सरळ आणि प्रेमाने. काकांनी मिटले. बाईंच्या गुडघ्याचा कट् असा आवाज आला, म्हणजे त्या पुढे सरकल्या, उजव्या बाजूला.

"कुठलं बोट धरलंय सांगा."

"अंगठा," काका लगेच म्हणाले.

मापबाई अगदी हळू म्हणाल्या, "अजून मी हात लावलेला नाही, काका."

काकांनी डोळे उघडले नाहीत. उघडून काय बघायचं, असंही असेल. काही वेळ नुसता पंखा ऐकू येत होता, मग कापडाची सळसळ, कुणीतरी उठलं, कुणीतरी बसलं.

"आणि आता?" मापबाईंचा आवाज या वेळी बाजूने आला.

काकांनी नीट कान दिला. पायाकडे मन लावलं. तिथे काहीच नव्हतं.

"आता कुणी धरलेलं नाही," ते म्हणाले.

कुणी उत्तर देईना म्हणून त्यांनी डोळे उघडले. काकू जमिनीवर बसल्या होत्या. काकांचा पाय त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरला होता, इतका घट्ट की त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

काकांना वाटलं, आता आपल्याला रडू येईल. ते थांबले. नाही आलं. काकूंच्या भांगाजवळचे पांढरे केस दिसत होते आणि त्यांच्या खांद्यावर पुठ्ठ्याचा बारीक भुसा पडला होता, सकाळी काम करून आल्या होत्या.

"किती दिवस झाले?" काकूंनी विचारलं.

"दोन वर्षं."

"ब्रेक कशाने कळतो तुम्हाला?"

"आवाजाने."

"आणि गाडीत गर्दी असली, सगळे बोलत असले म्हणजे?"

काकांनी शेजारी पडलेला मोजा उचलून हातात घेतला.

"मंगळवारी मी तुमच्याच गाडीत उभी होते," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या पुस्तकाचं पान गहाळ आहे हे सांगावं तसं त्या सांगत होत्या. "शेजारच्यांची सून बरोबर होती. पोटुशी आहे. मी तिला म्हटलं, निर्धास्त उभी राहा, आमचे हे चालवतायत."

मापबाई उठून आत गेल्या. पाणी आणलं, कापूस आणला, अंगठा पुसून पट्टी लावली. त्यांच्या आईला असंच होतं, त्यांनी सांगितलं. पायात खिळा गेलेला चार दिवस कळला नव्हता. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघांनी विचारलं नाही.

मग त्या पुन्हा आपल्या कामाला लागल्या, कारण गिऱ्हाईक बूट घ्यायला आलं होतं आणि बूट तर आता जास्तच हवे होते. ज्या पायाला विचारता येत नाही त्याला मोजायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं. एक जुना खोका फाडून त्यांनी त्यावर काकांना उभं केलं, कानावरची पेन्सिल काढली आणि दोन्ही पावलांभोवती रेघ मारली. काकूंनी कात्री मागून घेतली. पुठ्ठा कापणं हा त्यांचा रोजचा हात. रेघेवरून कणभरही न ढळता त्यांनी दोन्ही पावलं कापून काढली. उजवं डाव्यापेक्षा थोडं रुंद निघालं. मापबाईंनी बुटांतल्या गाद्या बाहेर काढून त्यावर पुठ्ठ्याची पावलं ठेवून बघितली. पांढऱ्याच्या गादीबाहेर कडा आल्या. काळ्याचा नऊ नंबर शोधून काढला, त्याच्याही आल्या. निळ्याचा नऊ लांबीला पुरला, रुंदीला नाही. निळ्यातच रुंद पंजाचा एक जोड वरच्या फळीवर होता. त्यासाठी मापबाई पट्ट्याच्या गुडघ्याने शिडी चढल्या. त्याच्या गादीवर पाऊल असं बसलं जसं पुस्तकावर त्याचाच पुठ्ठा. चारी बाजूंनी कड सुटली, पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली.

"हे," काकू म्हणाल्या.

मापबाईंनी बजावलं की बूट घालण्याआधी प्रत्येक वेळी आत हात घालून बघायचं, शिवण नसलेले पांढरे मोजे घालायचे म्हणजे रक्त आलं तर दिसेल, रात्री आरसा धरून तळवे बघायचे. ट्रेडमिलवर पळायचं नाही, सायकल चालवायची. आणि सोमवारी हे डॉक्टरांना सांगायचं, विचारलं नाही तरी सांगायचं. ज्या काकू भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची काडीसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेत नसत, त्यांनी चोवीसशे एक शब्द न बोलता काढून दिले.

दुकानाबाहेर ऊन कलतीला लागलं होतं. दोघं थोडा वेळ पायरीवर उभे राहिले. डेपो तिथून दोन गल्ल्यांवर होता. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच चाळीसची पहिली गाडी काकांच्या नावावर होती.

"मी काही म्हणत नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही एकतीस वर्षं चालवलीत. तुम्हीच ठरवा." आणि त्या डेपोच्या दिशेने चालू लागल्या.

डेपोच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर कंडक्टर उभा होता. पिशवी बघून त्याने आधी चेष्टा केली, की काका आता गाडीच्या पुढे धावणार का मागे. मग दोघांचे चेहरे बघून कप खाली ठेवला. काकांनी त्याला सगळं सांगितलं. चार वाक्यांत झालं. कांदे कसे सांडले तेही सांगितलं.

कंडक्टर मनाने चांगला होता. नऊ वर्षं तो काकांच्या गाडीवर होता आणि त्याच्या मुलीच्या बारशाला काकू रात्रभर राबल्या होत्या. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"अकराच महिने आहेत, काका. मी पुढच्या दारात उभा राहतो. थांबा आला की सांगतो, रिक्षा आडवी आली की सांगतो. तुमचे कान, माझे डोळे. वर कुणाला पत्ता लागणार नाही. आत्ता सांगितलंत तर बिल्ला काढून घेतील आणि शेडमध्ये टायर मोजायला बसवतील. तुम्हाला शेडमध्ये बघवायचं नाही मला."

काकूंनी टपरीकडे पाठ फिरवली.

काकांनी खरंच विचार केला. सुस्कारा, गुडघा, कंडक्टरचा आवाज. सकाळच्या गाडीला गर्दी बेताची असते. बाजाराच्या थांब्याआधी दोन खांब सोडून पाय उचलायचा. जमलं असतं. अकरा महिने म्हणजे काही फार नाही, जमलं असतं.

"मी अंगठा म्हणालो ना," काका म्हणाले.

"काय?"

"त्या बाईंनी हात लावलाच नव्हता आणि मी अंगठा म्हणालो. मला नुसतं वाटलं नव्हतं, माझी खात्री होती." काका टपरीवरच्या स्टोव्हकडे बघत होते. "नंतर हिने पाय धरला होता. कुणी धरलेलं नाही म्हणालो, तेव्हाही खात्री होती. कळत नाही म्हटल्यावर माणूस गाडी सावकाश घेतो रे. खात्री असली की नाही घेत."

कंडक्टरने चहावाल्याला आणखी दोन कप सांगितले आणि मग नको म्हणाला.

ड्यूटी लावणारा कारकून खिडकीमागे दुसऱ्या दिवसाचा तक्ता भरत होता. काका म्हणाले की उद्याची पहिली गाडी माझ्या नावावरून काढा. त्याने मान वर न करताच विचारलं, ताप? काका म्हणाले, पाय. त्याला वाटलं मुरगळला. काका म्हणाले, मुरगळला नाही, कळत नाही, ब्रेकवर पाय आहे की नाही ते कळत नाही. तेव्हा त्याने पेन ठेवलं. चष्म्यावरून काकांकडे बघत राहिला आणि हळूच विचारलं की हे मी असंच लिहू का, का नुसतं आजारी लिहू? नुसतं आजारी लिहिलं तर आठ दिवसांनी परत येता येईल.

"असंच लिहा," काका म्हणाले.

त्याने लिहिलं. सोमवारी दहा वाजता डॉक्टरांकडे, हेही लिहिलं. मग जरा ओशाळून म्हणाला की मग नियमाप्रमाणे बिल्ला आजच इथे ठेवावा लागेल. बिल्ला काकांच्या खिशातच असायचा, शनिवार असो रविवार असो. त्यांनी तो काढून खिडकीच्या फळीवर ठेवला. कारकुनाने पोचपावती फाडून दिली आणि उगाचच उभा राहिला. काकांना वाटलं, याला आपल्याकडून काहीतरी हवंय. मान खाली घालावी, आवंढा गिळावा, असं काहीतरी. पण त्यांच्याजवळ तसलं काही नव्हतं. त्यांनी पावती घडी घालून खिशात ठेवली, पंपावर डिझेल भरत असलेल्या सात नंबरच्या गाडीकडे एकदा बघितलं आणि तिचा डावा इंडिकेटर फुटलाय, सकाळच्या माणसाला सांगा, एवढं म्हणून बाहेर आले.

काकू फाटकाजवळच्या बाकावर बुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काय म्हणाले?"

"सोमवारी दहाला डॉक्टर."

"मी येते."

"तुझं काम?"

"पुस्तकं कुठे पळून जात नाहीत." मग त्यांनी विचारलं, "भूक लागली का?"

काकांना भूक लागली होती की नाही ते कळलं नाही. पण काकूंनी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणून ते लागली म्हणाले.

घर वीस मिनिटांवर होतं. बस मिळाली असती, पण दोघांपैकी कुणीच थांब्याकडे वळलं नाही. रस्त्याच्या कडेला पाण्याच्या नळासाठी खणून ठेवलं होतं, जागोजाग खडी पडली होती. काकू नेहमी चार पावलं पुढे चालायच्या. आज त्या काकांच्या उजव्या बाजूने, अगदी लागून चालत होत्या आणि त्यांची नजर काकांच्या चपलांवर होती.

"खड्डा आहे," त्या म्हणाल्या.

काकांना खड्डा दिसत होता. एकतीस वर्षं त्यांचं कामच ते होतं, रस्त्यातला खड्डा आधी बघणं. हे ते सांगणार होते.

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी खड्डा चुकवला.

थोडं पुढे गेल्यावर काकू म्हणाल्या, "पायरी आहे. उंच आहे."

"बरं."